तारेचे मालक आणि वाटेचा हक्क



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो मजुरीचे दर, बोनस आणि संप यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती गैर नाही. आज मात्र आम्ही इंटरनेटच्या मालकीवर बोलणार आहोत. हा विषय इंजिनिअरांचा, तुम्ही त्यात कोठे शिरता, असे आमच्याच मित्रांनी आम्हांला विचारले. आमचे शिक्षण जिनातल्या रात्रपाळीत आणि युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापाशी झाले. इंजिनिअरिंग आम्हांला येत नाही हे खरे. पण गेल्या आठ-दहा वर्षांत आमच्या कचेरीत आलेली भांडणे पाहिली, तर ज्यात ही तार कोठे ना कोठे गुंतलेली नाही असे भांडण शोधून काढावे लागेल.

रोजगार हमीच्या कामावर हजेरी मोबाईलवरूनच, दिवसातून दोनदा फोटो काढून घेण्याची सक्ती १ जानेवारी २०२३ पासून झाली. मेळघाटातल्या टेकडीआडच्या कामावर रेंज मिळेपर्यंत ती हजेरी वर चढत नसे, आणि चढली नाही की मजुरीचा वाद सुरू. २०२१ च्या ऑगस्टात राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले, ते काही हौसेने नव्हे. फोन निकामी होत होते आणि पोषणाची नोंद करण्याचे ॲप इंग्रजीत होते. २०२५ च्या हंगामात हमीभावाने सीसीआयला कापूस द्यायचा, तर ‘कपास किसान’ नावाच्या ॲपवर आधी नोंदणी करणे भाग झाले. म्हणजे कापूस कास्तकाराचा, हमीभाव सरकारचा, आणि या दोघांच्या मधली वाट मात्र तिसऱ्याच्या मालकीची. हा तिसरा कोण, त्याला आपण काय विचारू शकतो, आणि त्याने वाट अडवली तर दाद कोठे मागायची, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

इंटरनेट हवेतून येते अशी पुष्कळांची समजूत आहे. हवेतला भाग असतो तो मुख्यतः फोनपासून टॉवरपर्यंतचा. त्यापुढे बहुतेक सगळा प्रवास काचेच्या केसाएवढ्या बारीक तंतूतून, रस्त्याच्या कडेने खणलेल्या चरातून होतो. अमरावतीहून परदेशातल्या लेकीला पाठवलेला निरोप असाच जमिनीखालून मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत जातो आणि तेथून समुद्राच्या तळाला उतरतो. देशाला परदेशाशी जोडणाऱ्या अशा समुद्री तारा २०२३ च्या सुमारास १७ होत्या आणि १४ ठिकाणी त्या किनाऱ्याला लागत होत्या. एवढा मोठा देश, आणि त्याच्या वेशी १४! युनियनच्या माणसाचे लक्ष फाटकाकडे आधी जाते. गिरणीच्या आत हजार माणसे असोत, फाटक कोणाच्या हातात आहे यावर संपाचा निकाल लागतो.

वऱ्हाडाला हा प्रश्न नवा नाही, आणि म्हणूनच तो येथे मांडण्यात औचित्य आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. आगगाडी वऱ्हाडात आली ती त्याच दशकात. मार्च १८७० मध्ये खामगावच्या फाट्याचे उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. तेरा-चौदा किलोमीटरच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय कशाला येतो? कापसासाठी येतो. त्याच वर्षाच्या आरंभी ‘ग्रेट ईस्टर्न’ नावाचे अजस्र जहाज मुंबईहून एडनच्या दिशेने समुद्रात तार सोडीत चालले होते, आणि जूनमध्ये मुंबई-लंडन तार चालू झाली. ही तार टाकणाऱ्या कंपन्यांचा कर्ता पुरुष होता जॉन पेंडर. मूळचा ग्लासगो-मँचेस्टरचा कापडाचा व्यापारी. योगायोग म्हणून सोडून द्यावी अशी ही गोष्ट नाही. कापडाच्या व्यापाऱ्याला कळले होते की माल विकत घेण्यापेक्षा भावाची बातमी ज्या तारेवरून जाते ती तार विकत घेणे अधिक शहाणपणाचे.

मग वऱ्हाडात काय घडले? लिव्हरपूलचा भाव खामगावच्या पेढीवर येऊ लागला. तार कास्तकाराच्या वावरावरून गेली, पण भाव उतरला तो दलालाच्या कचेरीत. बंडीत कापूस भरून, रात्रभर चालून पहाटे पेठेत आलेल्या माणसाला हर्रास लागेपर्यंत आपल्या मालाचा भाव माहीत नसे. समोरच्याला तो माहीत असे. त्या काळी या भागात रिव्हेट-कार्नॅक नावाचा कापूस-आयुक्त होता. आगगाडीने इकडून कापूस न्यावा, तिकडून स्वस्त विलायती कापड आणावे, त्यापुढे इथला विणकर टिकायचा नाही आणि त्याचे हात कापूस पिकवायला मोकळे होतील, हा हिशेब त्याने सरकारी कागदांत उघडपणे मांडला होता. आजकालचे मालक इतके सरळ लिहीत नाहीत, एवढाच फरक.

आणि आपली शकुंतला! तिच्यावर वऱ्हाडातल्या माणसाचे प्रेम आहे, आमचेही आहे. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, एक अचलपूरला, मिळून सुमारे १९० किलोमीटर. ती बांधली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने. किलिक निक्सन ही तिची व्यवस्थापक पेढी. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन तिच्यावर १९९४ पर्यंत धावले. देश स्वतंत्र झाला, मोठमोठ्या रेल्वे राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, पण हा रूळ कंपनीचा तो कंपनीचाच राहिला. गाडी चालवायची मध्य रेल्वेने, माणसे सरकारची, तोटा सरकारचा, आणि रुळाच्या वापराचे देणे कंपनीला. करार संपला की तो पुढे वाढवायचा. मध्ये किती सरकारे आली आणि गेली! गेली काही वर्षे गाडी बंद आहे आणि रुळांत गवत वाढले आहे. रूळ ज्याचा त्याला गाडीची निकड नव्हती, आणि निकड ज्यांना होती त्या यवतमाळ-दारव्ह्याच्या गरीब उतारूंचा रूळ नव्हता. मालकी ही कागदावरची किरकोळ बाब आहे, सेवा मिळाल्याशी मतलब, असे म्हणणाऱ्याने एकदा मूर्तिजापूरच्या स्टेशनात जाऊन उभे राहावे.

आता आपल्या तारेकडे येऊ. या देशात सामान्य ग्राहकाला इंटरनेट प्रथम दिले ते सरकारी विदेश संचार निगमाने, १५ ऑगस्ट १९९५ रोजी. परदेशाशी जोडणारे फाटक तेव्हा जनतेच्या मालकीचे होते. फेब्रुवारी २००२ मध्ये सरकारने त्यातला २५ टक्के हिस्सा आणि कारभाराची सूत्रे टाटा समूहाला १,४३९ कोटी रुपयांस दिली. पुढे आणखी कंपन्यांच्या तारा आल्या. आता समुद्राखालच्या तारांत गूगल आणि मेटा या, ज्यांना आपण मजकुराच्या कंपन्या समजतो त्या, स्वतःच मालक म्हणून उतरल्या आहेत. पेंडरचा धडा त्यांनीही वाचलेला दिसतो.

देशाच्या आतली गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. २०१५ साली फेसबुकने एका भारतीय कंपनीच्या जोडीने गरिबांना फुकट इंटरनेट देऊ केले. फुकट म्हणजे त्यांनी निवडलेल्या मोजक्या दारांपुरते. लाखो लोकांनी ट्राय या नियामक मंडळाला पत्रे लिहिली, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने निर्णय दिला की कोणता मजकूर पाहता यावरून वेगवेगळा दर लावता येणार नाही. हा फार मोठा विजय होता, आणि तो संघटित नसलेल्या माणसांनी मिळवला याचे आम्हां संघटनावाल्यांना कौतुक वाटले, थोडा हेवाही वाटला.

पण दार एका बाजूने लावले तर वारा दुसरीकडून आला. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ सुरू झाली आणि पुढच्या मार्चअखेरपर्यंत फुकट चालली. आता आपण प्रामाणिकपणे बोलू. त्याआधी एका जीबीला शेदोनशे रुपये मोजावे लागत. जिओने ते दर पाडले आणि खेड्यातल्या पोराच्या हातात जग आले. हे नाकारील तो खोटे बोलेल. सरकारी टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे यादीत नाव ठेवून बसलेली पिढी या सभागृहात आहे. तिला सरकारी मालकीचे गोडवे सांगण्याचा आमचा विचार नाही. प्रश्न स्वस्ताईनंतर काय झाले हा आहे. रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाईल सेवा बंद पडली, एअरसेलचे दिवाळे निघाले, टाटांचे ग्राहक एअरटेलकडे गेले, व्होडाफोन आणि आयडिया एकमेकींच्या आधाराला लागल्या. डझनभर कंपन्यांच्या जागी चार उरल्या, आणि त्यांतही ब्रॉडबँडच्या दहा ग्राहकांतले आठ दोघींकडे. मग जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात तिन्ही खाजगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले, सुमारे दहा ते पंचवीस टक्के.

या वेळी लोकांनी काय केले ते ध्यानात घ्या. त्या एका जुलै महिन्यात सुमारे २९ लाख ग्राहक बीएसएनएलकडे वळले. कोणी हाक दिली नव्हती, मोर्चा नव्हता. माणसे आपल्या पायांनी चालत सार्वजनिक मालकीच्या दारात आली. आणि दारात त्यांना काय मिळाले? पुष्कळ ठिकाणी ४जी नव्हते. खाजगी कंपन्या ४जी विकत असताना सरकारी कंपनीला त्या लहरी द्यायचे सरकारने ठरवले ते ऑक्टोबर २०१९ मध्ये, आणि तिच्या देशी ४जीचे देशव्यापी उद्घाटन झाले २७ सप्टेंबर २०२५ रोजी. जिओनंतर नऊ वर्षांनी. गिऱ्हाईक आले तेव्हा दुकानात माल नव्हता. मग म्हणायचे, पहा, सरकारी दुकान चालत नाही!

मालक एकच असला म्हणजे तो वाईट वागतोच असे आम्ही म्हणत नाही. आमचा अनुभव इतकाच सांगतो, की ज्या गावात एकच जिन असते तेथे मजूर मालकाशी आवाज चढवून बोलत नाही. मालक सज्जन असला तरी बोलत नाही. दुसऱ्या जिनात काम मिळण्याची शक्यता हीच त्या मजुराची खरी युनियन असते.

कोणी म्हणेल, खाजगी नको तर सरकारच्या हाती द्या, आणि सरकारने तार बंद केली तर? प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि तो विचारायला अमरावतीसारखे गाव नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये दंगलीच्या दिवसांत या शहरातले इंटरनेट बंद केले गेले; मे २०२३ मध्ये अकोल्यात तेच झाले. दंगल थांबली पाहिजे यात दुमत नाही. पण त्या दिवसांत ऑनलाइन पैसे घेणारा भाजीवाला, ऑर्डरची वाट पाहणारा डिलिव्हरीचा पोरगा आणि फॉर्म भरण्याची मुदत गाठणारा विद्यार्थी यांचा दंगलीशी काय संबंध होता? असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या निकालात सांगितले आहे. आमच्या दृष्टीने यात आणखी एक गोष्ट आहे. तारा जितक्या थोड्या हातांत, तितकी बंदी सोपी. तीन-चार कचेऱ्यांत आदेश पोचला की शहर मुके होते. मोठी कंपनी आणि सरकार हे एकमेकांचे शत्रू असतात असे भाबडेपणाने मानणारे लोक आहेत. गिरणीच्या फाटकावर पोलिसांची गाडी कोणासाठी उभी राहते हे त्यांनी कधी पाहिलेले नसते.

आणि तार परक्याच्या हाती असली तर आपल्या सरकारचेही काही चालत नाही. जुलै २०२५ मध्ये गुजरातच्या वाडीनार येथील तेलशुद्धी कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीची टपाल आणि कचेरीची संगणकसेवा मायक्रोसॉफ्टने एकाएकी थांबवली. कारण युरोपातल्या निर्बंधांचे. नायरात रशियन कंपनीचा मोठा हिस्सा आहे. कारखाना भारतात, कामगार भारतीय, भारतीय कायद्याचा भंग नाही, तरी पत्रव्यवहार बंद. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सेवा पुन्हा चालू झाली. तेलकंपनीपाशी वकील होते. आमच्या अंगणवाडी सेविकेपाशी कोण आहे?

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकशी सहकार्याचे कागद केले. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव यांच्याबरोबर त्यात आपले वाशिमही आहे. वाशिमच्या शाळेला इंटरनेट मिळो, आमची तक्रार नाही. पण युक्रेनच्या युद्धात २०२२ साली क्रिमियाजवळच्या एका कारवाईसाठी ही सेवा चालू करण्याची विनंती आपण मानली नाही, असे तिच्या मालकाने पुढे स्वतःच सांगितले. युद्ध वाईटच, तो नकार योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. एका माणसाने ठरवले आणि ते झाले, हे आम्ही सांगतो आहोत. वाशिमच्या कलेक्टरसाहेबांनी कराराचे कागद वाचताना सेवा थांबवण्याचे कलम आधी वाचावे.

तर मग करायचे काय? पुस्तकातले उत्तर आम्हांला माहीत नाही. पण वावरातले एक उत्तर आहे. शेताला वाट नसेल तर ते शेत नसल्यासारखेच, हे आपल्या महसुली कायद्याने ओळखले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम १४३ प्रमाणे दुसऱ्याच्या धुऱ्यावरून वाट मागण्याचा हक्क कास्तकाराला आहे आणि त्याचा निवाडा तहसीलदार करतो. शेजाऱ्याची जमीन कोणी हिसकावून घेत नाही. धुरा त्याचाच राहतो, पण ‘मी तुला जाऊ देणार नाही’ हे म्हणण्याचा त्याचा अधिकार संपतो. पांदणीसाठी डोकी फुटलेली आम्ही पाहिली आहेत, तेव्हा कायदा असला की भांडण मिटते असे नव्हे. परंतु दाद मागायला गावाजवळ एक कचेरी आहे, आणि तेथे मराठीत अर्ज करता येतो.

तारेच्या बाबतीत असे काही करणे शक्यच नाही असे नाही. सरकारी निधीतून उभारलेल्या सुमारे २७,००० ठिकाणच्या टॉवरवरून जिओ, एअरटेल आणि बीएसएनएल यांपैकी कोणाच्याही ग्राहकाला ४जी मिळावे, अशी योजना १७ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाली. म्हणजे टॉवर एकाचा, वाट सर्वांची. ही पांदणच नव्हे तर काय? जी गोष्ट दुर्गम भागात करता येते ती बडनेऱ्याला आणि दर्यापूरला का करता येऊ नये? आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. ज्या खेड्यांत कोणाचेच ४जी पोचले नव्हते अशा २४,६८० गावांची योजना केंद्राने जुलै २०२२ मध्ये मंजूर केली, २६,३१६ कोटींची, आणि ते काम दिले बीएसएनएलला. नफा नाही तेथे जायला सार्वजनिक कंपनी लागते, नफा दिसू लागला की ती नालायक ठरते.

मात्र सार्वजनिक मालकी म्हणजे दारावर सरकारी पाटी लावणे नव्हे. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी बीएसएनएलचे सुमारे ७८,५०० कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले, निम्म्याहून अधिक. तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये कोणत्या खांबाखाली कोणती जोडणी आहे हे ज्यांना डोळे मिटून सांगता येई ती माणसे गेली. सरकारी असो वा खाजगी, आज तार जोडतो तो बहुधा ठेकेदाराचा पोरगा. रस्त्याच्या कामावर जेसीबीने तार तोडली की मध्यरात्री मोटारसायकलवर पेटी बांधून तो निघतो, खड्ड्यात उतरून बॅटरीच्या उजेडात केसासारखे तंतू जोडतो, आणि सकाळी आपण म्हणतो, आली बुवा रेंज. अशा एका ठेकेदाराकडच्या पोरांची आमच्याकडे तक्रार आली तेव्हा भविष्य निर्वाह निधीचे सोडाच, त्यांच्यापाशी नेमणुकीची चिठ्ठीही नव्हती. ज्यांच्या हातून साऱ्या जिल्ह्याचे बोलणे जाते त्यांचे नाव कोठल्याही हजेरीपटावर नाही. तारेच्या मालकीचा प्रश्न सुटायचा असेल तर त्या चर्चेत या पोरांना खुर्ची दिली पाहिजे, कारण तार प्रत्यक्षात कोठे आहे आणि ती कोणाची आहे हे कलेक्टर कचेरीपेक्षा त्यांना अधिक ठाऊक आहे.

तोवर आम्ही आमच्या सभासदांना तीन कामे सांगितली आहेत. पहिले, ज्या योजनेला ॲप आहे तिच्या कचेरीत कागदावर अर्ज घेणारी खिडकीही असलीच पाहिजे, आणि अर्जाची पोच मिळालीच पाहिजे, ही मागणी लेखी करायची. ‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर तोंडी घ्यायचे नाही. तारीख-वेळ घालून लिहून मागायचे. दुसरे, दरवाढ आणि सेवेच्या तक्रारी एकेकट्याने कंपनीच्या फोनवर न सांगता गावाने मिळून ट्रायला कळवायच्या. २०१६ साली पत्रांनी काम झाले होते. तिसरे काम अगदी जवळचे आहे. भारतनेटची तार आपल्या ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत आणण्याची योजना २०११ पासून, निरनिराळ्या नावांनी, चालू आहे. १ मेच्या ग्रामसभेत उठून सरपंचांना विचारायचे: ती पेटी आपल्या कचेरीत आहे काय, तिचा दिवा लागतो काय, शाळा आणि दवाखाना तिला जोडले आहेत काय, तिची देखभाल कोणाकडे दिली आहे, कितीला, आणि करार किती वर्षांचा. उत्तर ठरावाच्या वहीत लिहून घ्यायचे आणि त्याची नक्कल आमच्या कचेरीत आणून द्यायची. कचेरी रोज संध्याकाळी सहा ते नऊ उघडी असते, रविवारीसुद्धा.